घोळक्याचा वेग आणि साठीनंतरची नाडी

दसरा सरला, पावसाने पाठ फिरवली आणि पहाटेच्या हवेत गारवा आला, की सायकल शर्यतींचे दिवस जवळ येतात. पुण्यात सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे, कात्रजच्या चढाकडे किंवा बोपदेव घाटाच्या दिशेने निघालेले सायकलस्वारांचे घोळके या दिवसांत सूर्योदयाआधीच दिसू लागतात. हौशी सायकलस्वारांची शर्यतीपूर्वीची तयारी बहुधा अशीच होते: आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा जणांनी एकत्र जमायचे आणि जमेल तितक्या वेगाने चाळीस-पन्नास किलोमीटर तुडवायचे. या घोळक्यांतील काही हेल्मेटांखाली आता पांढरे केस दिसतात. निवृत्तीनंतर चालण्याच्या सोबतीने सायकल धरलेली, मग समवयस्कांच्या आग्रहाने शर्यतीत नाव नोंदवलेली ही मंडळी. त्यांच्या घरची माणसे दवाखान्यात येऊन एकच प्रश्न विचारतात : ‘बाबांना आता थांबवावे का?’

माझे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असते. सायकल हा वाढत्या वयाला मानवणारा व्यायाम आहे. शरीराचा भार सीट आणि हँडल उचलतात, त्यामुळे गुडघ्यांवर धावण्याइतका ताण येत नाही. मांड्यांचे स्नायू बळकट राहतात, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, आणि पहाटे चार माणसांत मिसळल्याने मनही ताजे राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढांनी, त्यात ज्येष्ठही आले, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा. सायकलने हे प्रमाण सहज साधते. तेव्हा प्रश्न सायकल चालवावी की नाही, हा उरतच नाही. विचारायचा प्रश्न निराळा आहे : आपण ज्या वेगाने चाललो आहोत, तो ठरवतो कोण?

घोळक्याचा आडोसा

सपाट रस्त्यावर वेगाने सायकल चालवताना आपली बहुतेक शक्ती समोरची हवा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट केला, तर केवळ हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. मात्र दुसऱ्या सायकलच्या मागे, तिच्या आडोशाला राहिले, की हे ओझे हलके होते. साधारण पाव ते एक तृतीयांश शक्ती वाचते. म्हणूनच चौसष्ट वर्षांचे गृहस्थ पस्तिशीतल्या तरुणांबरोबर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाऊ शकतात आणि त्यांना वाटते, ‘अजून जमते आहे.’

हा आडोसा उसना आहे. घाट सुरू झाला की वेग दहा-बारावर येतो, हवेचा अडथळा नगण्य होतो आणि प्रत्येकाला आपले वजन आपल्याच बळावर वर न्यावे लागते. सपाटीवर झाकलेला फरक इथे एकदम उघडा पडतो. वळण, सिग्नल, गतिरोधक यांच्यापाशीही असेच घडते. पुढचा गडी आधी वेग घेतो, आणि मधले अंतर भरून काढण्यासाठी सर्वांत मागच्याला सर्वांत जोराचा झटका द्यावा लागतो. एका तासात असे कितीतरी झटके बसतात. मागे राहणारा बहुधा वयाने मोठा असतो. म्हणजे ज्याला झटके कमी हवेत, त्यालाच ते अधिक मिळतात.

आता नाडीचे गणित पाहू. वयानुसार हृदयाचा कमाल वेग कमी होत जातो. ढोबळ अंदाजासाठी २२०मधून वय वजा करतात. ३४ वर्षांच्या तरुणासाठी हा आकडा १८६ येतो, ६४ वर्षांच्या व्यक्तीसाठी १५६. घोळक्यात दोघांचीही नाडी १५० असेल, तर तरुण आपल्या कमाल मर्यादेच्या सुमारे ८० टक्क्यांवर आहे. ज्येष्ठ ९६ टक्क्यांवर. दोघे शेजारी शेजारी चालले आहेत, परंतु एक व्यायाम करतो आहे आणि दुसरा शर्यत संपवतो आहे. हे सूत्र केवळ अंदाजाचे आहे. व्यक्तीपरत्वे दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तरी फरकाची दिशा त्यातून नीट कळते.

थोडा गॅस झाला असेल

माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. वय ६४, अंगकाठी सडसडीत, व्यसन नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू. थंडीतील एका शर्यतीसाठी ते आठवड्यातून चार दिवस तरुणांच्या घोळक्यात जात असत. एकदा ते पित्ताची गोळी मागायला आले. म्हणाले, “डॉक्टर, घाट चढताना छातीत जरा भरून येतं. गॅसेस असतील. वर पोचून थांबलं की जातं.”

सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, गेल्या रविवारी घरी आल्यावर तुम्ही जिन्यातच बसला होतात, ते सांगा ना.”

मी विचारले, “छातीत भरून आलं तेव्हा उतरला का नाहीत?”

“घोळका सुटला असता,” ते म्हणाले.

श्रमाने येणारी आणि विसाव्याने जाणारी छातीतील जडता ही अन्यथा सिद्ध होईपर्यंत हृदयाचीच मानावी, असा आम्हा डॉक्टरांचा नियम आहे. त्यांचा विश्रांतीतील ईसीजी जवळजवळ सामान्य होता. तरीही त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. पुढील तपासण्यांत हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी बरीच अरुंद झाल्याचे दिसले आणि स्टेंट बसवावा लागला. त्या वर्षीची शर्यत अर्थातच राहिली, आणि त्याची रुखरुख त्यांना अजून आहे. आज ते तज्ज्ञांच्या परवानगीने पुन्हा सायकल चालवतात. मागून घोळका आला, की डाव्या कडेला होतात आणि मुलांना हात करून पुढे जाऊ देतात. 

या प्रसंगातील ‘घोळका सुटला असता’ हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. एकट्याने चालणारा माणूस छातीत भरून आले की थांबतो. घोळक्यातला माणूस थांबत नाही. संगतीचा उत्साह वेदना बोथट करतो आणि मागे पडण्याची लाज उरलेले काम करते. शरीराने दिलेली सूचना ऐकू येते, पण तिचे नाव बदलले जाते : गॅस, पित्त, झोप कमी, वयच झाले.

शंभरी ओलांडलेल्या सायकलस्वाराचा धडा

मग ज्येष्ठांनी वेग सोडूनच द्यावा का? याचे उत्तर फ्रान्समधील रोबेर मार्शां यांच्या उदाहरणातून मिळते. १९११मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी २०१२मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, बंदिस्त धावपट्टीवर एका तासात २४.२५ किलोमीटर सायकल चालवली. दोन वर्षांनी, १०२व्या वर्षी, त्यांनी तासात २६.९२ किलोमीटर अंतर कापले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वेरोनिक बिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळात त्यांच्या शरीराचा अभ्यास केला. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ३१ मिलिलिटरवरून ३५ मिलिलिटरवर गेली होती. वयाबरोबर जी क्षमता घटतच जाते असे आपण मानतो, ती शंभरीनंतर वाढली.

आपल्या दृष्टीने बोधप्रद आहे ती त्यांच्या सरावाची रीत. वर्षाला सुमारे ५,००० किलोमीटर सायकल चालवताना ८० टक्के अंतर त्यांनी हलक्या श्रमाने कापले. जोमाचा भाग केवळ २० टक्के होता. एका व्यक्तीचा हा अभ्यास आहे. त्यावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. परंतु सहनशक्तीच्या खेळांतील निष्णात खेळाडूंच्या सरावातही साधारण असेच प्रमाण आढळते. पुष्कळसे हलके, थोडेसे जोरकस.

रोज घोळक्यात जाणाऱ्याचे प्रमाण नेमके उलटे होते. प्रत्येक दिवस थोडाफार शर्यतीचा ठरतो. हलक्या दिवशी शरीराची जी दुरुस्ती व्हायची, ती होत नाही; आणि थकलेले पाय जोरकस दिवशी खरा जोर लावू शकत नाहीत. साठीनंतर स्नायूंची झीज भरून निघायला तरुणपणापेक्षा अधिक वेळ लागतो. परिणाम असा, की मेहनत वाढते आणि वेळ मात्र सुधारत नाही. मग मनुष्य आणखी मेहनत करतो.

आठवडा कसा आखावा

डॉक्टरांनी जोमदार व्यायामाला अनुमती दिली असेल, तर साठीपुढील सायकलस्वाराने आठवड्यातून एकच दिवस वेगवान घोळक्यासाठी ठेवावा. दोन किंवा तीन दिवस हलकी रपेट करावी. दोन दिवस घरीच खुर्चीवरून उठबस, भिंतीला रेलून जोर, पायऱ्या चढणे, एका पायावर तोल सांभाळणे असे व्यायाम करावेत. एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. जोरकस दिवसानंतर किमान ४८ तास पुन्हा जोर लावू नये. दर तीन आठवड्यांनंतर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर तिसऱ्या हिश्शाने कमी करावे, आणि शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. 

हलके म्हणजे किती हलके, यासाठी यंत्राची गरज नाही. सायकल चालवताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या, तर श्रम हलके आहेत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर ते जोमदार झाले. बोलणेच अशक्य झाले, तर आपण मर्यादेजवळ आहोत. मनगटी घड्याळावर नाडी पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात. त्या घेणाऱ्याचे घड्याळ ११० दाखवत असले, तरी श्रम कमाल असू शकतात. अशांसाठी बोलण्याची कसोटीच अधिक विश्वासार्ह.

सुरुवातीची व शेवटची दहा-पंधरा मिनिटे संथ असावीत. जोरात आलेली सायकल एकदम थांबवून उभे राहिले, तर पायांतील रक्त तिथेच साठते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येऊ शकते. ताप असताना, किंवा तापातून उठल्यावर अशक्तपणा असेपर्यंत, घोळक्यात मुळीच जाऊ नये. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि अशा वेळी केलेले तीव्र श्रम जिवावर बेतू शकतात.

गोळ्यांचा डबा आणि पाण्याची बाटली

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर दीर्घ रपेटीत, कधी घरी परतल्यावर काही तासांनी किंवा रात्रीही, उतरू शकते. निघण्यापूर्वी साखर मोजावी, खिशात ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. इन्सुलिन मांडीत टोचून लगेच सायकल चालवल्यास ते वेगाने शोषले जाते. त्या दिवशी पोटावर टोचणे बरे. वर उल्लेखिलेल्या मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या साखर उतरल्याची धडधड व थरथर लपवतात. घाम मात्र येतो. अकारण दरदरून घाम आला, तर थांबून साखर खावी आणि तेवढ्याने बरे न वाटल्यास वैद्यकीय मदत घ्यावी, कारण असा घाम हृदयविकाराचाही असू शकतो.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, किंवा मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी गोळी चालू असल्यास शरीरातील पाणी लवकर घटते. वाढत्या वयात तहानेची जाणीवही मंदावते. म्हणून तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी काही घोट प्यावेत, आणि तासाभराहून मोठ्या रपेटीत क्षारयुक्त पेय सोबत ठेवावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी घोळक्यातील पडझडीचा विचार अवश्य करावा. एकमेकांच्या चाकाला चाक लागून होणारे अपघात क्षणात घडतात. डोक्याला मार लागला, तर वरून जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पुढील काही आठवड्यांत डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा चालण्यात फरक जाणवला, तर पुन्हा दाखवावे, कारण मेंदूभोवतीचा रक्तस्राव सावकाशही वाढतो. सायकलमध्ये शरीराचा भार हाडांवर पडत नसल्याने केवळ सायकल चालवून हाडे बळकट होत नाहीत. त्यासाठी चालणे आणि वर सांगितलेले स्नायूंचे व्यायाम हवेतच. पुरुषांना पीएसए ही रक्ततपासणी करायची असल्यास आधीचे दोन दिवस सायकल टाळावी. सीटच्या दाबाने आकडा वाढू शकतो.

ही लक्षणे दिसली तर थांबावे

छातीत दाब, जडता किंवा जळजळ, ती जबड्यात, खांद्यात, हातात पसरणे, नेहमीच्याच चढावर नेहमीपेक्षा अधिक धाप, डोळ्यांपुढे अंधारी, नाडी एकाएकी अनियमित होणे. यांपैकी काहीही जाणवले, तर रस्त्याच्या कडेला थांबावे, बसावे आणि सोबत्याला सांगावे. काही मिनिटांत बरे वाटले, तरी सायकल पुन्हा चालवत घरी येऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्रास न थांबल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘गेल्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट चांगली आली होती’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. ती तपासणी मुख्यतः रक्तपुरवठा अडवणारे मोठे अडथळे दाखवते. रक्तवाहिनीच्या आतील लहानसा थर अचानक फुटून गुठळी होण्याचे भाकीत तिला करता येत नाही. कागदावरील निकालापेक्षा आजचे लक्षण मोठे.

एकत्र जाणाऱ्या प्रत्येक गटात निदान दोघांना हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याचे तंत्र यायला हवे : छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंतच्या त्या मिनिटांवरच सारे अवलंबून असते.

घरच्यांसाठी

सायकल कुलूपबंद करून ठेवल्याने प्रश्न सुटत नाही. तक्रारी मात्र लपवल्या जातात. ‘आता तुमचं वय झालं’ हे वाक्य ऐकलेला मनुष्य पुढच्या वेळी छातीत दुखल्याचे घरात सांगत नाही. त्यापेक्षा एक वही करावी. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, एक मिनिट नाडी मोजून लिहावी. ती सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी अधिक आली, किंवा झोप बिघडली, चिडचिड वाढली, जेवणावरची वासना उडाली, तर शरीर अजून सावरलेले नाही असे समजून त्या दिवशी घोळका टाळावा. ही चिन्हे स्वतःला दिसण्याआधी घरच्यांना दिसतात.

जेवणात डाळ, उसळ, दूध, दही, पनीर, चालत असल्यास अंडी व मासे पुरेसे असावेत. निरोगी ज्येष्ठाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. खिशात नाव, रक्तगट, चालू गोळ्या आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड ठेवण्याची सवय लावावी. 

आणि शर्यतीच्या तयारीला लागलेल्या ज्येष्ठ वाचकांना एक विनंती. या रविवारी निघण्यापूर्वी आपल्या गटप्रमुखाशी दोन वाक्ये बोला. एक, ‘घाटात मी माझ्या वेगाने येईन, माझ्यासाठी थांबू नका; वर भेटू.’ दुसरे, ‘वीस मिनिटांत मी वर आलो नाही, तर एकाने खाली यावे.’ पहिल्या वाक्याने वेग ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडे परत येतो, आणि दुसऱ्याने संगतीचा खरा उपयोग होतो. छातीत भरून आले, तर कुणाच्याही परवानगीवाचून उतरता येईल, एवढी मोकळीक आधी मिळवा. मग खुशाल घाट चढा.